गोडातलं चिमूटभर मीठ

परळच्या इस्पितळातला वजनकाटा दर गुरुवारी माझी परीक्षा घ्यायचा. बाबा चपला काढायचे, खिशातलं पाकीट माझ्या हातात द्यायचे आणि काट्यावर उभे राहायचे. मी आधी भिंतीकडे बघायचे आणि मग आकड्याकडे. त्या गुरुवारी आकडा आला शेहेचाळीस. जबड्याला किरणं द्यायला सुरुवात झाली तेव्हा बावन्न होते. तीन आठवड्यांत सहा किलो माणूस गेला होता, आणि मुळात त्यांच्या अंगावर होतं तरी किती.

आहाराचा सल्ला देणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची असेल. तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, वजन चव्वेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल, त्याशिवाय उरलेली किरणं सोसणार नाहीत. दोन, तोंडात फोड आलेत तर तिखट-मीठ टाळून गार, मऊ आणि ताकदीचं काहीतरी द्या, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. घरी फ्रोझन योगर्ट जमेल का, तिने विचारलं. न जमायला काय झालं, असं मी तोऱ्यात म्हणाले. खरं तर आमच्या ऑफिसातल्या पोरी रंगीत कपातून काहीतरी गार खातात आणि डाएट चाललंय म्हणतात, एवढीच मला त्याची ओळख होती.

बाहेरच्या बाकावर बाबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागतं, आणि अख्खी रांग ऐकत होती. नळीचं नाव काढलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. त्या दिवसांत ते बोलायचे कमी, एकेक शब्द काढताना डोळ्यांत पाणी यायचं. तरी बोलले.

"नळी नको, गो."

त्यांनी का म्हटलं ते मला माहीत होतं. आई गेली तेव्हा शेवटचे वीस दिवस तिच्या नाकात नळी होती. ती सारखी उपसून काढायला बघायची आणि नर्स सांगायची, हात धरून ठेवा. हात बाबा धरायचे. बायकोचे हात असे दाबून धरायला लागलेला माणूस ती नळी स्वतःच्या नाकात कशी घालून घेईल? मी म्हटलं, नाही घालू देणार. बोलून गेले खरी, आणि टॅक्सीत बसल्यावर बोटांवर मोजलं, चव्वेचाळीसला दोनच किलो उरले होते.

घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, त्याबद्दल गावच्या नातेवाइकांना अजून हळहळ वाटते, मला नाही. लालबागला आमची चाळ होती, ती पाडून उंच इमारत झाली, आता आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे साच्यावर कापड विणायचे. खात्यात सगळीकडे कापूस, विडी ओढायची सोय नाही, म्हणून सगळे तंबाखूची चिमूट गालात धरायचे. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण चिमूट काही सुटली नाही. ज्या गालात ती असायची त्याच गालाला हे झालं.

तर फ्रोझन योगर्ट. मोबाइलवर बघितलं तेव्हा हसूच आलं. दही बांधायचं, चक्का करायचा, त्यात फळ घालून घोटायचं आणि गोठवायचं. म्हणजे फळ घातलेलं श्रीखंडच की, फक्त फ्रीजरमध्ये विसरलेलं. श्रीखंड माझ्या हातचं आहे. दर दसऱ्याला आई चक्का बांधायची आणि पुरणयंत्र फिरवायचं काम माझ्याकडे असायचं.

पण पहिल्या दिवशी फजिती झाली. घाईघाईत दही नीट न बांधताच साखर घालून ट्रेमध्ये ओतलं. चार तासांनी ट्रे काढला तर दगड. सुरीने फोडला तर आतून बर्फाच्या सुया. त्या सुया मी माझ्याच जिभेवर ठेवून बघितल्या आणि गप्प कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. फोड आलेल्या तोंडात हे घालणार होते मी.

मग मात्र नीट मन लावलं. म्हशीचं दूध, सायीसकट. सकाळी सातला विरजायचं, उन्हाळ्यात बारापर्यंत लागतं, आणि लागलं की लगेच उचलायचं, कारण आंबट झालं तर फोडांना लागतं. आई चक्का रात्रभर खुंटीला टांगायची, पण मे महिन्यात असं केलं तर सकाळी ताकच. म्हणून मी तिच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा चाळणीत घातला, त्यात दही ओतलं आणि खाली पातेलं ठेवून सगळं फ्रीजमध्ये सरकवलं. तीन तासांत घट्ट गोळा होतो. खालचं पाणी मी कणकेत घालायचे. चक्क्यात पिकलेल्या चिकूचा गर, दोन चमचे दूध पावडर, चमचाभर साखर. चिकूने एक गंमत होते, गोठलं तरी ते कडक होत नाही. केळ्यानेही होते. तासाभराने ट्रे बाहेर काढून एकदा चमच्याने ढवळायचं, म्हणजे सुया धरत नाहीत. आणि खायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर ठेवायचं. इतकं सोपं आहे हे. कुणालाही जमेल, दुकानात जाऊन पैसे मोजणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

पहिली वाटी बाबांपुढे ठेवली तेव्हा मी समोर स्टूल घेऊन बसले. त्यांनी एक चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले, गिळला. दुसरा घेतला. मग वाटी हळूच बाजूला सरकवली आणि मान हलवली, छान आहे म्हणून.

मी म्हटलं, मग खा ना. त्यांनी पोटावर हात फिरवला. पोट भरलं. दोन चमच्यांत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात जेवणाला नावं ठेवायची नाहीत, हा बाबांचा एकमेव कायदा. बाकी कशावरून त्यांनी मला कधी दटावलं नाही. मी सात-आठ वर्षांची असेन, बांगड्याची कढी खारट झाली म्हणून ताट ढकललं होतं. बाबा रात्रपाळी करून आले होते. त्यांनी माझं ताट स्वतःपुढे ओढलं, सगळं खाल्लं, आणि मला उचलून चुलीजवळ नेऊन उभं केलं. किती वेळ ते आठवत नाही, पण धुराने डोळे चुरचुरले. म्हणाले, तुझी आय हयसर रोज उभी रवता, ती कधी बोलता काय? त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. ते स्वतः तर कधीच नाही. भात करपो, आमटीत मीठच नसो, बाबांचं ताट पुसल्यासारखं स्वच्छ. आई वैतागायची, म्हणायची, ह्यांच्यापुढे भुसा वाढला तरी ढेकर देतील.

तेव्हा "छान आहे" याचा आमच्याकडे काही अर्थ नसतो, हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही. मला वाटलं, आवडतंय पण जात नाही. मी चिकूच्या जागी केळं घातलं, मग उकडलेल्या सफरचंदाचा गर, मग खजूर भिजवून. दर वेळी तेच. दोन चमचे, मिटलेले डोळे, मान हलवणं, पोटावर हात. दुधातली लापशी दिली, तिचीही तीच गत. रव्याची पातळ खीर दिली, तीही राहिली. पेज तेवढी अर्धी वाटी जायची, आणि पेजेने काय वजन वाढतंय डोंबलाचं.

पुढच्या गुरुवारी पंचेचाळीस किलो. त्या सल्लावाल्या मुलीने कागदावर नळीबद्दल काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गुरुवारी ठरवू म्हणाली. घरी येऊन मी बाबांवर ओरडले. काय वाटेल ते बोलले. तुम्हाला जगायचंच नाहीये, मी रजा टाकून राबतेय, तुमचं काय जातंय मान हलवायला. त्यांना ऐकू आलं नसेल असं मी नंतर स्वतःला समजावलं, पण त्यांनी ऐकलं होतं. ते उठले, फ्रीज उघडला, ट्रे काढला आणि उभ्या उभ्या चार घास खाल्ले. गिळताना गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मला माझीच लाज वाटली. मी ट्रे काढून घेतला.

संध्याकाळी पाचला त्यांचे एक दोस्त यायचे. बाबांच्या शेजारच्या साच्यावर काम केलेले, आता समोरच्या इमारतीत राहणारे काका. खात्यातल्या आवाजाने दोघांचेही कान गेलेले. पण त्यांचं काही अडायचं नाही, कारण साच्यांच्या आवाजात तोंडाने बोलायची सोय नव्हतीच, सगळं खातं हातांनी आणि ओठांनी बोलायचं. जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय, धागा तुटला, चहा आला, कुणाला मुलगा झाला, सगळं. गिरणी जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते दोघे गॅलरीत बसले की हात सुरू. बाबांचं तोंड बंद झालं त्या दिवसांत काका हेच एक असे होते ज्यांच्याशी ते तासभर गप्पा मारू शकत. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. लहानपणी शिकवा म्हणून मागे लागायचे तर बाबा म्हणायचे, तू शाळा शिक.

त्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, मी गॅलरीत गेले की दोघांचे हात थांबतात. काका माझ्याकडे बघायचे आणि खाली बघायचे. माझ्या डोक्यात भलतंच आलं. काकांच्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी असते. म्हटलं, मागतायत बाबा, आणि हा देतोय. म्हणून तोंड जळतंय, म्हणून खाणं जात नाही. शुक्रवारी काका निघाले तशी मी लिफ्टपर्यंत गेले आणि सरळ विचारलं, तुम्ही त्यांना तंबाखू देता का?

काकांनी ओठ वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. इतके दिवस या घरात चहा पितोय, असं काहीतरी पुटपुटले. लिफ्ट आली, गेली. मग ते म्हणाले, "तेका मीठ झोंबता गो. तू दह्यात घालतंस ता."

मी म्हटलं, मी गोडात मीठ घालत नाही, कसं घालेन, त्या मुलीने मिठाचं पहिल्या दिवशीच सांगितलंय. पेजेतसुद्धा घालत नाही. काका म्हणाले, ता तुका म्हायती. पण तो म्हणता, निखारो ठेवल्यासारख्या लागता. आणि माका शपथ घातलीहा, चेडवाक, तुका, सांगू नको म्हणान. एवढं बोलून ते जिन्याने उतरून गेले, नऊ मजले.

मला राग आला, खरं सांगते. स्वयंपाकघरात येऊन मी ट्रेमधला एक तुकडा खाल्ला. खारट? छे. गोड, गार, छान. म्हटलं, म्हाताऱ्यांना भास होतायत.

दुसऱ्या दिवशी चक्का घोटायला घेतला तेव्हा काकांचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून स्वतःच्या हातांकडे बघत होते. चिकू घातला. दूध पावडर घातली. साखर घातली. आणि मग माझा उजवा हात डावीकडे गेला, मिठाची बरणी उघडली, दोन बोटांत चिमूट घेतली आणि भांड्यावर आला. मी तो तिथेच धरला. बोटांतलं मीठ ओट्यावर सांडलं.

आईने शिकवलेलं. शिरा असो, खीर असो, पुरण असो, श्रीखंड असो, गोडात चिमूटभर मीठ घालायचं, गोडाला गोडी येते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं माझा हात ते करत आला होता. तिखटमिठाच्या पदार्थात मी शुद्धीवर होते, तिथे आठवणीने मीठ टाळलं. गोडात शुद्धीची गरजच काय, म्हणून हात आपला आपण गेला. लापशीत गेला, खिरीत गेला, प्रत्येक ट्रेमध्ये गेला. ज्याचं तोंड सोललं गेलंय त्याला मी दिवसातून सहा वेळा मीठ चोळत होते, समोर स्टूल घेऊन बसून. आणि तो माणूस मान हलवत होता, छान आहे म्हणून.

मी बाहेर गेले. बाबा खुर्चीत होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले, अगदी लहान पोरीसारखी. मग विचारलं, ओरडून नाही, ओठ नीट हलवून, सांगायचं ना हो मला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, त्यावर अजून मिठाचे कण होते. ते त्यांनी आपल्या पंच्याने पुसले.

मी मिठाची बरणी ओट्यावरून उचलली आणि फ्रीजवर मागे, भिंतीला लावून ठेवली, जिथे माझा हात स्टूल घेतल्याशिवाय पोचत नाही. माझं स्वतःचं जेवण त्या दिवसांत अळणी असायचं, कारण स्टूल घ्यायचा कंटाळा. काकांची मी संध्याकाळी कान धरून माफी मागितली. त्यांनी हाताने काहीतरी खूण केली आणि बाबा तोंड दुखत असतानाही हसले. काय म्हणाले ते दोघांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या दिवशी बाबांनी अख्खी वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी तीन वाट्या. मी चिकू आणायला लालबागच्या बाजारात रोज जायला लागले, भाजीवाली विचारायला लागली, घरात बारसं आहे की काय. गुरुवारी मी भिंतीकडे बघितलं, मग आकड्याकडे. पंचेचाळीस किलो दोनशे. ती मुलगी म्हणाली, नळीचं तूर्त राहू दे. बाबांनी काट्यावरून उतरताना माझ्या हातातलं पाकीट घेतलं आणि त्यातून शंभराची नोट काढून मला दिली, लहानपणी पास झाल्यावर द्यायचे तशी. त्यानंतर नळीचा विषय निघाला नाही. किरणं पुरी झाली, फोड सुकले, वजन हळूहळू पन्नासच्या घरात आलं.

पण चव गेली. ते कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि माझं लक्ष नळीत असेल. डॉक्टर म्हणाले, कुणाची सहा महिन्यांत येते, कुणाची वर्षाने, कुणाची नाही येत. बाबा आता भात-आमटी खायचे, मऊ मासा खायचे, पण कागद खाल्ल्यासारखे. हापूस दिला तर आधी वास घ्यायचे, मग खायचे, मग साल बघायचे. खाऊन झालं की मान हलवायचे. छान आहे. मी आता त्या मान हलवण्याला भुलत नव्हते, पण करणार काय होते? सोसण्यासारखं काही नव्हतं, तक्रार करण्यासारखंही नव्हतं, आणि हेच मला जास्त जिव्हारी लागायचं. खाण्याच्या बाबतीत आयुष्यभर काहीच न मागितलेल्या माणसाचं खाण्याचं सुखही गेलं होतं.

दह्याचा ट्रे मात्र मी चालू ठेवला. एक दिवसाआड, सवयीने. मला वाटतं, ज्याने आम्हाला नळीपासून वाचवलं ते बंद करायची मला भीती वाटत होती. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. ऑफिसातल्या पोरींना मी कृती सांगितली, त्यांनी त्यात कसल्या कसल्या बिया घालून फोटो पाठवले.

परवाच्या रविवारची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. काका आले होते, म्हणून तीन वाट्या काढल्या. पंधरा मिनिटं बाहेर ठेवल्या, मग दिल्या. बाबांनी एक चमचा तोंडात घेतला. नेहमीसारखे डोळे मिटले नाहीत. दुसरा चमचा घेतला आणि तो जिभेवर तसाच धरून वाटीकडे बघत राहिले. मला वाटलं, पुन्हा कुठे दुखतंय की काय. काकांनीही चमचा खाली ठेवला.

बाबांनी वाटी माझ्याकडे सरकवली. कपाळाला आठी होती. बावन्न वर्षांत जेवणाच्या बाबतीत त्या कपाळावर मी आठी पाहिली नव्हती.

"मीठ घालूक इसारलंस काय गो?"

काका माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यांना ऐकू आलं नव्हतं, मग बाबांनी त्यांना हाताने सांगितलं, तीन बोटं जुळवून वाटीवर चोळली आणि पंजा हलवला, नाही म्हणून. काकांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मी स्टूल ओढलं, फ्रीजवरून मिठाची बरणी उतरवली आणि ओट्यावर डाव्या हाताला, तिच्या जुन्या जागी ठेवली.